रायफलीचा नेम आणि हरणाचं अंतर: खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळे जिल्ह्यातला, फौजेतून निवृत्त. सध्या जळगावात पोरांना दहा मीटर एअर रायफल शिकवतो. पुतण्या टेक्सासला असतो, त्याच्यामुळे दोन हिवाळे तिकडच्या हरणाच्या शिकारीत काढले. तेव्हापासून हळदीच्या मांडवात, बस स्टँडवर, केळीच्या बांधावर माणसं मला तेच तेच विचारतात. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गोयी कितली लांब जास रे भो?

पहिला प्रश्न कायम हाच, आणि विचारला जातो तो बहुतेक अहिराणीतूनच. उत्तर तीन आहेत आणि सगळा घोळ या तिघांची गल्लत केल्याने होतो.

गोळी *जाते* फार लांब. थर्टी-ऑट-सिक्ससारख्या रायफलीची गोळी योग्य कोनात सुटली तर चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. पोरांची खेळणी वाटणारी पॉइंट टू-टूसुद्धा दीडएक किलोमीटर जाऊ शकते. गोळी कागदावर *लागते* त्याच्यापेक्षा खूप अलीकडे. फौजेत माणसाएवढ्या टार्गेटवर आम्ही तीनशे मीटरवरून फायर करायचो, त्यात विशेष काही नव्हतं. आणि गोळी लागून जनावर जागच्या जागी, तडफड न होता पडेल, हे तिसरं अंतर. ते बहुतेक माणसांच्या बाबतीत शे-दीडशे मीटरच्या आत संपतं. या पानावर बोलायचं ते या तिसऱ्याबद्दल.

पहिलं अंतर मात्र विसरू नका. तापीकाठचा मुलूख सपाट, दर दोन-तीन किलोमीटरवर गाव, मधे कुणीतरी कापूस वेचतंय, कुणी रात्री मोटर चालू करायला निघालंय. फायरिंग रेंजवर टार्गेटच्या मागे मातीचा उंच बट असतो, तो शोभेला नसतो. केळीची बाग म्हणजे बट नव्हे. केळीचं खोड म्हणजे पाणी आणि सालपटं, गोळी त्याला विचारतही नाही.

आपल्याकडे हरीण मारता येतं का? सातपुड्यात तर पूर्वी मारायचे.

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकार बंद आहे. काळवीट, चिंकारा हे अनुसूची एकमध्ये येतात. त्यांच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे, वर दंड. यावल अभयारण्य असो, अनेर धरणाचा परिसर असो की तुमचं स्वतःचं खळं असो, कायदा तोच. आजोबांच्या भिंतीवरच्या शिंगांच्या गोष्टी मलाही आवडतात, पण त्या गोष्टी आजोबांबरोबर गेल्या.

माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स आहे. मक्यात रोही घुसतात, डुकरं भुईमूग उकरतात. तेव्हा तरी?

बंदुकीचं लायसन्स हे बंदूक बाळगायचं लायसन्स आहे, जनावर मारायचं नाही. दोन कागद वेगळे, दोन खाती वेगळी. पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही किंवा रानडुकरासारख्या जनावरांच्या बाबतीत त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट आहे: मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारण नोंदवून परवानगी देऊ शकतो. म्हणजे आधी अर्ज, मग कागद हातात, मग पुढचं. तोंडी “करा हो, बघून घेऊ” याला कोर्टात काडीची किंमत नाही. पंचनामा करून भरपाई मागणं कंटाळवाणं आहे, मान्य. पण माझ्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांना तीच वाट परवडली. तिसऱ्याने रात्री बॅटरीच्या उजेडात बार टाकला, तो अजून तारखांना जातो.

आणि एक दुरुस्ती. रोही म्हणजे नीलगाय, ती हरीण नाही. हरणाला दरवर्षी गळून पुन्हा फुटणारी शिंगं असतात. रोह्याची शिंगं कायमची, बैलासारखी. काळवीटही त्याच बाजूला.

मग हे अंतराचं शास्त्र कुणासाठी?

ज्यांची पोरं, पुतणे, जावई टेक्सास, मिनेसोटा, स्कॉटलंड, न्यूझीलंडला आहेत आणि तिकडच्या मित्रांबरोबर कायदेशीर शिकारीला जातात, त्यांच्यासाठी. शिरपूर-शहाद्याकडची पोरं तिकडे ढिगाने आहेत. आणि ज्यांना नुसतं समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठीही. रेंजवर कागद फोडणाऱ्यालाही हेच गणित लागतं.

गंमत बघा, टेक्सासला मला पहिल्यांदा दिसलं ते आपलं चितळ. तिकडे त्याला ॲक्सिस म्हणतात, १९३२ च्या सुमारास नेऊन सोडलेलं. दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर रोही आहेत, तेही भारतीय वंशाचेच. इथे ज्याच्या नावाने शेतकरी बोटं मोडतो, ते जनावर तिकडे मोठे पैसे मोजून मारतात.

पुतण्या एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याने रायफल हातात घेतली तर चालतं?

हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. म्हणजे लायसन्स आधी, रायफलीला हात नंतर. “मित्राची आहे, मी नुसता बघत होतो” हे चालत नाही. शिवाय टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. माझा जन्म त्याआधीचा म्हणून मी सुटलो. पुतण्याला मात्र बसावं लागलं. त्याची वही मी नंतर वाचली आणि मला वाटलं, माझं सुटणं काही बरोबर नव्हतं.

एमओए म्हणजे काय? व्हिडिओत सगळे तेच बोलतात.

मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. कोन आहे, म्हणून जितकं लांब जाल तितका पसरत जातो. १०० मीटरवर एक एमओए म्हणजे २.९ सेंटीमीटर, जवळजवळ दोन बोटं. २०० ला ५.८, ३०० ला ८.७. “माझी रायफल एक एमओएची” म्हणजे टेबलावर वाळूच्या पिशवीत टेकवून शंभर मीटरवर मारल्या तर तिच्या सगळ्या गोळ्या दोन बोटांच्या गोलात पडतात. *टेबलावर, वाळूच्या पिशवीत.* हे तीन शब्द जाहिरातीत बारीक अक्षरात असतात.

दुकानदाराने तीन गोळ्यांचा कागद दाखवला, तिन्ही एका भोकात. भारी रायफल ना?

तीन गोळ्यांचं ग्रुपिंग म्हणजे तीन वेळा नाणं उडवणं. तीनही वेळा छापा पडतो कधी कधी. त्याच रायफलीने दहा गोळ्या मारा, गोल बहुतेक वेळा दीडपट तरी मोठा निघेल, कारण कडेची गोळी यायला संधी मिळते. शिवाय लोक दहा कागदांतला सगळ्यात सुंदर खिशात ठेवतात, उरलेले नऊ चुलीत. मला दाखवायचा असेल तर सगळ्यात वाईट कागद दाखवा.

पण खरं सांगू? आजकालच्या साध्या कारखानी रायफलीही दीड एमओएच्या आसपास मारतात, आणि हरणाला तेवढं भरपूर झालं. तिथे अडत नाही.

मग अडतं कुठे? हरणावर किती अंतरावरून मारावं?

अडतं तुमच्यात. राग मानू नका, माझ्यातही तिथेच अडतं.

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं मर्म, म्हणजे काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा, ती ढोबळमानाने वीसेक सेंटीमीटरच्या गोलात मावते. टेक्सासच्या डोंगराळ भागातली हरणं अंगाने लहान, तिथे थोडं कमीच धरा. टपरीवर भजी देतात ती कागदी डिश आठवा. गोळी त्या डिशच्या आत गेली तर जनावर काही पावलांत संपतं. डिशच्या मागे, पोटात गेली, तर ते दिवसभर काटेरी झुडपात मरत राहतं. म्हणून प्रश्न एकच: कुठल्या अंतरापर्यंत तुमची प्रत्येक गोळी त्या डिशमध्ये जाते?

आता गणित. समजा रायफल दीड एमओएची. पण तुम्ही जमिनीवर बसलात, कोपर गुडघ्यावर, दम लागलेला. आता तुम्ही आणि रायफल मिळून चार एमओए. चार एमओए १०० मीटरवर ११.६ सेंटीमीटर, १५० वर १७.४, २०० वर २३. डिश २० ची. म्हणजे बसून तुमचं अंतर दीडशे, दोनशे नाही. उभं राहून मारलं तर बहुतेकांचे आठ एमओए होतात, तेव्हा तोच हिशेब पंचाहत्तर मीटरला संपतो. रायफल बदलून एक एमओएची घेतली तरी या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. लाखभर रुपये वाचले, त्यात दोन हजार काडतुसं येतील की नाही माहीत नाही, पण सराव येतो.

हे आकडे माझे धरू नका, स्वतःचे काढा. रीत अशी. रेंजवर कागदी डिश लावा. टेबल नको. जसं रानात बसाल तसं बसा: गुडघ्यावर, काठीच्या टेकणावर, उभं. पन्नास मीटरपासून सुरुवात. आधी जागेवर दीड मिनिट पळा, म्हणजे छाती भात्यासारखी चालेल, मग दहा सेकंदांत गोळी सोडा. एकच. पुन्हा पळा. अशा दहा. दहाच्या दहा डिशमध्ये असतील तर पंचवीस मीटर मागे जा. ज्या अंतरावर पहिली गोळी डिशबाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. त्यातून रानातल्या धांदलीसाठी आणखी काही कापा, मी पाचवा हिस्सा कापतो.

माझ्याकडे शिकलेला एक पोरगा सुट्टीत मामाकडे कॅनडाला गेला होता. टेबलावर तो माझ्यापेक्षा कितीतरी सरस. ही डिशची परीक्षा त्याने तिथल्या रेंजवर दिली आणि फोनवर हसत म्हणाला, “सर, माझं अंतर नव्वद मीटर निघालं.” मामा पाचशे मीटरच्या गप्पा मारत होता. मामाने परीक्षा दिली नाही.

ऑलिम्पिकवाले तर उभं राहूनही दहाच मारतात!

मारतात. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं: गुडघ्यावर, झोपून आणि उभं. त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव, कडक जॅकेट, वारा दाखवणाऱ्या झेंड्या आणि माहीत असलेलं अंतर. आणि टार्गेट चालत नाही. या खेळात उभं राहून मारणं हीच सगळ्यात अवघड परीक्षा मानतात, हे लक्षात ठेवा आणि मग स्वतःच्या उभ्या नेमाकडे बघा.

गोळी खाली किती येते?

सुटल्या क्षणापासून येते. थ्री-नॉट-एट रायफलीची १५० ग्रेनची (म्हणजे दहाएक ग्रॅमची) गोळी सुमारे ८६० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. शंभर मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी दुर्बीण जुळवली, तर दोनशेला साधारण चार-पाच बोटं खाली, तीनशेला एक हातभर, चारशेला मीटरच्या आसपास. म्हणून तिकडे बरेच जण २०० यार्डांवर झिरो करतात (यार्ड मीटरपेक्षा थोडा लहान, ०.९१). मग शंभर यार्डांवर गोळी सुमारे पाच सेंटीमीटर वर जाते, अडीचशेवर नऊएक सेंटीमीटर खाली. डिशच्या मधोमध नेम धरला तर तेवढ्यापर्यंत डोक्याने गणित करावं लागत नाही.

खरी अडचण अंतर ओळखण्यात आहे. उघड्या माळावर दोनशे मीटर दीडशेसारखे दिसतात, खोऱ्यापलीकडचे तर आणखी फसवतात. लेझर रेंजफाइंडर घ्या. दुर्बिणीवर खर्च करण्याआधी तो घ्या.

वारा?

वारा सगळ्यांची लाज काढतो. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे कपाशीची पानं सळसळतात आणि वाळत घातलेलं धोतर फडफडतं तेवढा, थ्री-नॉट-एटला शंभर मीटरवर दोनेक सेंटीमीटर सरकवतो. दोनशेवर आठ-नऊ. तीनशेवर वीसच्या पुढे, म्हणजे डिशच्या मधोमध धरलेली गोळी डिशबाहेर. आणि तो वारा मोजणार कोण? तुमच्या गालाला लागतो तो एक, मधल्या नाल्यात दुसरा, हरणापाशी तिसरा. वारा डोळ्यांनी कळत असेल तर लांबचा विचार सोडा आणि सरपटत पुढे जा. तिकडचे मुरलेले शिकारी मारण्यापेक्षा जवळ जाण्याचीच बढाई मारतात.

हरीण चालत असेल तर पुढे नेम धरायचा का?

धरायचा नाही, थांबायचं. तीनशे मीटरला गोळी जायला ०.४ सेकंद लागतात. हरीण रमतगमत सेकंदाला मीटरभर चाललं तरी तेवढ्यात ४० सेंटीमीटर सरकतं, आणि नेम छातीवर असतो तो पोटात जातो. उभ्या हरणाचंही तेच: चाप दाबायच्या क्षणी त्याने एक पाऊल टाकलं तर तुमच्या हातात काही उरत नाही. शंभर मीटरवर हीच चूक बऱ्याचदा निभावून जाते, तीनशेवर नाही.

मोठं कॅलिबर घेतलं तर लांबून मारता येईल ना?

नाही. मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या काडतुसाची रायफल, घेऊन माणूस धक्क्याला घाबरायला लागतो, चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतो, आणि चार एमओएचे सहा होतात. खात्री करायची असेल तर जोडीदाराला तुमच्या नकळत मधेच एक रिकामं काडतूस भरायला सांगा. “टक्” झाल्यावर नळी खाली झुकली की समजा.

किमान ताकद मात्र हवी. इंग्लंडमध्ये हरणासाठी कायद्यानेच किमान ०.२४० इंच कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते. आपल्या भेकराच्या भावकीतलं मुंटजॅक तिथे मोकाट झालंय, त्याला थोडी सूट आहे. गोळी शिकारीची, म्हणजे लागल्यावर फुलणारी हवी. टार्गेटची किंवा फौजी पद्धतीची गोळी आरपार निघून जाते.

आपल्याकडची थ्री-वन-फाइव्ह रायफल आणि बारा बोअर बंदूक कुठे बसतात?

ईशापूरच्या कारखान्याची थ्री-वन-फाइव्ह मजबूत, पण तिची गोळी जड आणि मंद. शंभरावर झिरो असेल तर दोनशेवर वीतभर तरी खाली जाते. नळीच्या टोकावरची नेमाची माशीच त्या अंतरावर अर्धं जनावर झाकते. बारा बोअरचे छर्रे तीसेक मीटरनंतर विखुरतात आणि जखमा करतात, मारत नाहीत. ठासणीच्या बंदुकीबद्दल मी बोलत नाही, ती कुणाच्या तोंडावर फुटेल सांगता येत नाही.

मुलाला एअरगन आणलीय, पाखरं मारतो. लायसन्स लागत नाही ना?

२० ज्यूलच्या आतल्या साध्या एअरगनला लागत नाही. पाखरं मारायची मुभा त्यातून मिळत नाही. त्याला माझ्याकडे पाठवा. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आठ दिवसांत पाखरं विसरेल.

उन्हाळ्यात नेम बदलतो का?

थोडा. दारू तापली की गोळी जरा वेगाने निघते. डिसेंबरच्या पहाटे दहा अंश आणि मेमध्ये चव्वेचाळीस, एवढ्या फरकाने दीडशे मीटरवर काळजी करण्यासारखं काही होत नाही. त्रास होतो तो दुर्बिणीतल्या लाटांचा. जमीन तापली की चित्र पाण्यासारखं हलतं आणि टार्गेट आहे त्यापेक्षा वर किंवा बाजूला दिसतं. आपल्या लोकांनी याला मृगजळ म्हटलंय, हरणाला फसवणारं पाणी. दुर्बिणीतून ते हरणाऐवजी शिकाऱ्याला फसवतं, एवढाच बदल.

तुमचा नेम कधी चुकला नाही का?

चुकला, आणि माझ्याच आळसाने. दुसऱ्या हिवाळ्यात पुतण्याने रायफल आठ तास गाडीच्या डिकीत आणली. “परवाच झिरो केलीय, काका,” म्हणाला, आणि मी, आयुष्यभर पोरांना झिरो तपासा म्हणून ओरडणारा, गप्प बसलो. सकाळी नव्वद यार्डांवर मादी उभी, आडवी, शांत. काठीच्या टेकणावर मी आरामात. गोळी सोडली. हरीण टुणकन उडालं आणि गेलं. आम्ही दोन तास गुडघ्यावर रांगून केस, रक्त, तुटलेली काडी शोधली. काही नाही. दुपारी कागदावर मारून पाहिलं तर गोळी वीतभर डावीकडे. दुर्बिणीच्या माऊंटचा एक स्क्रू नखाने फिरत होता. वीतभर उजवीकडे गेली असती तर पोटात बसली असती, कारण मादीचं तोंड डावीकडे होतं. आता मी पोहोचल्या दिवशी आधी कागद फोडतो, मग चहा.

गोळी लागली पण हरीण पळालं तर?

पाठलाग करू नका. ज्या झुडपापाशी ते उभं होतं ते डोळ्यात पक्कं ठेवा, आणि जिथे शेवटचं दिसलं तेही. अर्धा तास बसा. मग जागेवर जाऊन बघा: गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, ते जवळच पडलेलं सापडेल. गडद लाल म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट घाण आणि वास म्हणजे पोट, मग कित्येक तास थांबून, कुत्रा मिळाला तर कुत्रा घेऊन जायचं. लगेच मागे लागलात तर ते अंगातल्या भीतीवर मैलभर पळतं आणि मग कुणालाच मिळत नाही, कोल्ह्यांशिवाय.

काका, तुमचं स्वतःचं अंतर किती?

काठीच्या टेकणावर बसून १२० मीटर. उभं राहून ६०. गेल्या वर्षी बसून १४० होतं, दिवाळीत चष्म्याचा नंबर बदलला.